वायचळांचा शेवटचा रोल

"ह्या तीनांतला कुठलाही एक उचल. उरलेले दोन जावई नेणार आहेत, शोकेसात ठेवायला," वायचळकाकू म्हणाल्या आणि कॉटवर जुना टॉवेल अंथरून त्यांनी त्यावर तीन कॅमेरे ओळीने मांडले.

"पण काकू, द्यायचं काय ते तरी सांगा," मी म्हणाले.

"काय द्यायचंय? वापरणाऱ्याच्या हातात पडला म्हणजे झालं. एक काम आहे माझं तुझ्याकडे, ते सांगते मग. आधी चहा टाकते."

आणि त्या आत गेल्या. ते काम त्यांनी तेव्हाच्या तेव्हा सांगून टाकलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं, असं मी नंतर कितीतरी वर्षं मनाशी घोकत आले. आहे की नाही कमाल! केलं सगळं मी, आणि त्यातला चिमूटभर दोष त्यांच्या पदरात टाकायची सोय शोधत बसले.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. मी तेव्हा सांगलीला विमा कचेरीत होते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढत हिंडायचे. आमच्या फोटो मंडळात एकवीस पुरुष आणि बाई मी एकटी. त्यामुळे मला सगळं सगळ्यांपेक्षा जास्त यायलाच पाहिजे, असं माझं मीच ठरवून टाकलेलं. कुणी नवीन माणूस "मॅडम, फोकस करून देऊ का?" म्हणाला की त्याला असा सोलून काढायचे की तो पुढच्या बैठकीला फिरकायचाच नाही. फक्त आष्टेकर सरांपुढे माझी जीभ जरा आवरायची. सर शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, मंडळ त्यांनीच काढलेलं, आणि मला जे काही येत होतं ते त्यांनीच कान पिळून शिकवलेलं.

माझ्याकडे मोठा कॅमेरा होता. तो बाजारात बाहेर काढला की भाजीवाल्या आधी पदर सावरायच्या, मग चेहरे सावरायच्या, आणि फोटो तिथेच मरायचा. मला हवा होता मुठीत मावेल असा जुना छोटा रेंजफाइंडर, हळूच टिक करून गप्प बसणारा. त्याच्या खिडकीतून बघितलं की मधोमध एका माणसाच्या दोन आकृत्या दिसतात. भिंगाची कडी फिरवून त्या एकमेकींवर नेमक्या आणायच्या, की झाला फोकस. सगळी दुनिया डिजिटलकडे पळत होती आणि मी ह्या वेडापायी वर्षभर सरांचं डोकं खात होते.

शेवटी एक दिवस सर म्हणाले, "मिरजेचा वायचळ म्हणून माझा दोस्त होता. रेल्वेत गार्ड. गार्डाच्या पेटीत मावावा म्हणून आयुष्यभर छोटेच कॅमेरे वापरले बिचाऱ्याने. गेला गेल्या वर्षी. वहिनी म्हणतात, कुणी खरंच वापरणारं असेल तर घेऊन या. चल."

तर असे आम्ही मिरजेला स्टेशनच्या मागच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आलो होतो. पुढे ओसरी, ओसरीत काकूंचं शिवणाचं मशीन, त्यावर कुणाचंतरी अर्धवट पोलकं. अर्ध्या रेल्वे कॉलनीचे ब्लाउज काकू शिवायच्या. आल्या आल्या मी त्यांना बोलता बोलता सुईत दोरा ओवताना पाहिलं होतं. बघितलंसुद्धा नाही त्यांनी सुईकडे. मी म्हणाले, "काकू, हे कसं जमतं हो?" तर हसून म्हणाल्या, "बोटांना डोळे असतात बाळा, चाळीस वर्षांनी फुटतात." मला फार आवडल्या त्या.

आता त्या आत स्टोव्हला पंप मारत होत्या. सर हात मागे बांधून भिंतीवरचे फोटो बघत उभे होते, माझ्याकडे पाठ करून. आणि मी ते तीन कॅमेरे घेऊन खिडकीपाशी बसले.

पहिला जाडजूड, विटेएवढा. तो बाद. दुसरा दिसायला देखणा, पण भिंगात बुरशीची जाळी धरलेली. आणि तिसरा! तळहातावर ठेवला आणि बोटं मिटली तर तो दिसेनासा झाला. खिडकीतून समोरच्या कडुनिंबाकडे बघितलं, कडी फिरवली, दोन खोडं सरकत सरकत एकावर एक आली. बटण दाबलं तर आवाज इतका नाजूक, की सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. माझा जीवच जडला त्याच्यावर.

जुना कॅमेरा निवडायचा म्हणजे मागचं झाकण उघडून, आतून उजेडाकडे धरून बघावं लागतं. पडदा नीट उघडतो का, कुठून उजेड झिरपतो का. पण त्याआधी एक गोष्ट करायची असते. वरच्या बाजूला रोल मागे गुंडाळायची एक छोटी चावी असते. ती आधी हलकेच फिरवून बघायची. सैल फिरली तर आत काही नाही. अडली तर आत रोल आहे, झाकणाला हात लावायचा नाही, कारण उजेड शिरला की फोटो गेले. आणि गंमत अशी की ह्या कॅमेऱ्यांचं झाकण उघडतं तेही तीच चावी वर खेचून. म्हणून सरांनी आम्हाला पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं : आधी फिरव, मग खेच. मी स्वतः नवीन पोरांना तसंच घोकून घ्यायचे. एकाला तर मी ह्यावरून चारचौघांत रडवलं होतं.

पहिल्या दोघांच्या चाव्या मी फिरवून बघितल्या होत्या. रिकामे होते. तिसऱ्याच्या वेळी मी बोलत होते. "सर, ह्याचं माप बघितलंत का? असला कॅमेरा सांगली-मिरजेत दुसरा नसेल," असलं काहीतरी पांडित्य चाललं होतं माझं. आणि बोलता बोलता मी चावी खेचली. न फिरवता.

झाकण उघडलं आणि आत करड्या रंगाची फिल्म, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, खिडकीच्या उजेडात चकाकली.

मी झाकण दाबून बंद केलं. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. सरांची पाठ तशीच होती. ते म्हणाले, "हं, छान आहे खरंच," आणि पुढच्या फोटोकडे सरकले. कुणीही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

"अगंबाई, हाच आवडला होय तुला? ह्यांचाही हाच जीव की प्राण. बरं झालं. आता माझं काम ऐक. त्यात रोल आहे, ह्यांचा शेवटचा. तो तेवढा धुऊन मला फोटो काढून दे. बाकी काही नको."

मी कॅमेरा दोन्ही हातांत तसाच धरून बसले. काकूंना वाटलं, मला कळलं नाही. त्या भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "बघतेस ना? लेक आहे, जावई आहे, नातू आहे, शेडमधली इंजिनं आहेत, शेजारची शेळीसुद्धा आहे. हेच नाहीत. काढणारा फोटोत येणार कसा? तो एक लावलाय तो रेल्वेच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून आणलाय जावयाने. त्यात हे तेवीस वर्षांचे. नातू विचारतो, हे कोण म्हणून. पण ह्या रोलमध्ये आहेत हे. चांगले हसतायत. मला माहितीये."

सर वळले. "वहिनी, आधी सांगायचंत ना. शैला, चावी फिरवून बघितलीस ना गं?"

"हो तर," मी म्हणाले.

हे पहिलं खोटं. ते इतकं सहज निघालं, की मलाच नवल वाटलं. त्या क्षणी "सर, चुकले" एवढे दोन शब्द बोलले असते तर काय झालं असतं? सरांनी चार खडे बोल सुनावले असते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. कदाचित आम्ही तिघांनी मिळून जे काही वाचलं असेल ते वाचवायची धडपड केली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे आलं ते मंडळ. एकवीस पुरुष, आणि "अहो, शैलाबाईंनी म्हणे भरलेला कॅमेरा उघडला!" तो मी रडवलेला पोरगा पहिला हसला असता.

"काढूनच घेते रोल," असं म्हणून मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. खालचं बटण दाबून रोल मागे गुंडाळायला लागले. किरकिर, किरकिर, किरकिर. काकू बशीत बिस्किटं लावत होत्या. मी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होते, कडुनिंबाबद्दल वाटतं. आणि गुंडाळता गुंडाळताच ते डोक्यात आलं. आता ते आलं म्हणतेय, पण ते आलं नाही, मी ते आणलं.

कधीकधी काय होतं, रोल घालताना त्याचं निमुळतं टोक पलीकडच्या रिळात नीट खोवलं जात नाही. मग माणूस महिनोन्महिने फोटो काढत राहतो आणि आत फिल्म जागची हलतही नाही. रोल बाहेर काढला तर टोक नव्या रोलसारखं बाहेर लोंबत असतं. धुतला तर कोरा करकरीत. ही चूक रोल घालणाऱ्याची. आणि रोल मागे गुंडाळताना टोक रिळातून कधी सुटतं ते हाताला बरोबर कळतं, कळणाऱ्याला. तिथेच थांबलं की टोक बाहेर राहतं. मला ते कळायचं. मंडळात माझा त्यात हातखंडा होता.

मी बरोबर तिथे थांबले. झाकण उघडलं, रोल काढला आणि काकूंपुढे धरला.

"काकू, वाईट वाटतंय सांगायला. हे बघा टोक. बाहेरच आहे. रोल आत अडकलाच नव्हता. फिरलाच नाही तो."

"म्हणजे?"

"म्हणजे फोटो निघालेच नाहीत. कोरा आहे."

काकूंनी बशी खाली ठेवली. रोल हातात घेतला. त्या टोकावरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"एकही नाही?"

"नाही हो."

"अगदी पहिलासुद्धा?"

"नाही, काकू."

"घालतानाच नीट घातला गेला नाही, असंच ना?"

"हो. होतं असं. चांगल्या चांगल्यांचं होतं. काकांचं वय झालं होतं, हात..."

"हो," काकू म्हणाल्या. "हात."

त्या आपल्या बोटांकडे बघत होत्या. मला वाटलं रोलकडे बघतायत. सर पुढे येऊन "जाऊ द्या वहिनी" म्हणाले. मग त्यांनी तो रोल माझ्या हातात परत दिला.

"कोराच आहे म्हणतेस तर वाया कशाला घालवायचा? तू वापर."

आणि कॅमेऱ्यावर हळदकुंकू लावून, जुन्या मऊ पोलक्याच्या कापडात गुंडाळून तो त्यांनी मला दिला. दसऱ्याला हे त्याची पूजा करायचे, म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला. नमस्कार केला मी त्यांना, बघा.

परतीच्या सिटी बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. बस विश्रामबागला आली. मग म्हणाले, "शैला, रोल अडकलाच नव्हता म्हणालीस."

"हो."

"मग गुंडाळत काय होतीस एवढा वेळ?"

अडकलेला नसता तर दोन-तीन फेऱ्यांत काम झालं असतं. मी पंचवीस-तीस तरी फेऱ्या मारल्या होत्या, आणि सरांचे कान म्हातारे नव्हते.

"चावी जरा जाम होती, सर."

"हं," सर म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही. पण त्यांचा स्वतःचा कॅमेरा ते एरवी माझ्या हातात बिनधास्त द्यायचे, तो त्या दिवसानंतर कधी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीला दांडी मारून मी न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकलं आणि रोल धुतला. उजेड लागलेली फिल्म धुतल्यावर काळी पडते. माझी काळीठिक्कर निघाली, हातभर लांब. पण रिळावर जे पहिले वेढे बसतात ते आत दबलेले असतात, त्यांना वरच्या वेढ्यांची सावली मिळते. पहिले चार फोटो वाचले होते. चौथा अर्धा खाल्लेला, दुसऱ्या-तिसऱ्याच्या कडा करपलेल्या. पहिला मात्र स्वच्छ.

मी त्याची प्रत काढली. ओसरीत खुर्चीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ, बनियनवर, हनुवटी वर करून मोकळं हसतायत. एका हाताने दुसरा हात धरून ठेवलेला. फोटो किंचित तिरका, एका कोपऱ्यात शिवणाच्या मशीनचं चाक. हेच वायचळकाका. कुणीतरी त्यांना बोलवून हसवलं होतं आणि बटण दाबलं होतं. कोणी, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझं सगळं डोकं एकाच गोष्टीत अडकलं होतं : न फिरलेल्या रोलमधून हा फोटो आता निघाला कसा म्हणून सांगायचं?

जाईन पुढच्या रविवारी, असं मी मनाशी म्हटलं. मग गणपती आले. मग मार्चअखेर. पोस्टाने निनावी पाठवावा, असंही मनात आलं. पाकिटावर पत्ता लिहिला आणि फाडला, कारण मिरजेत असलं पाकीट दुसरं कोण पाठवणार? फोटो एका लिफाफ्यात घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. साडी काढताना तो हाताला लागायचा. मग मी साड्यांचा कप्पाच बदलला. मनाची समजूत घातली, की मी कुणाचं नुकसान केलं असेल तर ते गेलेल्या माणसाचं, आणि रोल नीट घालता आला नाही म्हटल्याने गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

कॅमेरा मात्र वापरत राहिले. हो, तेवढी निर्लज्ज होते मी. त्यानेच काढलेल्या बाजारातल्या फोटोला तीन वर्षांनी मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला, आणि सरांनी बोलावलं म्हणून वायचळकाकू मिरजेहून तो बघायला आल्या. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "ह्यांचा कॅमेरा चालतोय, बरं वाटलं बाळा."

"शिवण काय म्हणतंय, काकू?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"सोडलं गं. मशीन देऊन टाकलं."

"डोळे?"

"हं, तसंच काहीतरी," त्या म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. मला तिथून पळायचं होतं.

दोन हजार सोळाच्या डिसेंबरात सर अंथरुणाला खिळले. मी रोज संध्याकाळी जायचे. एक दिवस मी त्यांना पेज भरवत होते, तर मध्येच माझा हात धरून म्हणाले, "वायचळच्या रोलमध्ये काय निघालं गं?"

'निघालं का' नाही. 'काय निघालं'. म्हणजे आठ वर्षं त्यांना ठाऊक होतं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "मीही गप्प बसलो. तू लाडकी होतीस ना." मग डोळे उघडून माझ्यावर खेकसले, अगदी शाळेतल्यासारखे, "मग इथे काय करतेस? पेज काय कुणीही भरवेल मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजेला गेले.

काकूंनी दार उघडलं. पार वाळल्या होत्या. ओसरीत मशीनच्या जागी पाण्याचं पिंप होतं. भिंतीवर तोच तेवीस वर्षांचा अनोळखी मुलगा, आता त्याला कुंकवाची टिकली लावलेली. "ये बाळा, ये. किती दिवसांनी!" म्हणत त्या चहा टाकायला निघाल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना कॉटवर बसवलं. चहा झाल्यावर सांगू म्हटलं असतं, तर मी सांगितलंच नसतं.

"काकू, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तो रोल कोरा नव्हता. मी न बघता झाकण उघडलं आणि उजेड शिरला. माझ्या हातून गेला तो. आणि ते लपवायला मी काकांवर ढकललं. म्हटलं, त्यांनी नीट घातला नाही. ते तर नव्हतेच ऐकायला."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी लिफाफा पुढे केला. त्यांनी उशीखालून चष्मा काढला, फोटो बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडाला धरला.

त्यांनी फोटोतल्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं नाही, रडल्या नाहीत. फोटो तिरका होता तो हातानेच जरासा सरळ केला.

"हा मी काढलेला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"पहिला नेहमी मीच काढायचे. रोल घातला की फिरतो का बघायला. हे म्हणायचे, काढ, वाया तर जाणारच आहे."

"रोल घातला की... म्हणजे काकू, रोल..."

"मग कोण घालणार?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांच्या हातांना कंप होता. शेवटची अडीच वर्षं स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता यायची नाहीत. मीच घालायचे रोल. ते टोक खोवायचं, फिल्मच्या भोकांत दात बसलेत का बघायचे, चावी फिरते का बघायची. हे म्हणायचे, तुझ्यासारखा रोल मुंबईच्या स्टुडिओतसुद्धा कुणी घालत नसेल."

मी मेलेल्या माणसावर ढकलतेय अशी माझी समजूत होती. मी ते समोर बिस्किटं लावत बसलेल्या बाईवर ढकललं होतं.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, काकू?"

"काय बोलू? लाज वाटली. त्यांचे शेवटचे फोटो माझ्या हाताने घालवले, हे तुमच्यासमोर बोलू?" त्या थांबल्या. "लेकीलाही नाही सांगितलं. ती विचारायची, आई, बाबांचा तो रोल? मी म्हणायचे, हरवला. मशीनवर बसले की सुईत दोरा ओवताना हात अडायचा. ज्या हाताला एवढंसं टोक खोवता आलं नाही, तो हात कुणाच्या कापडाला कशाला लावायचा? देऊन टाकलं. आणि रोज दिवा लावताना ह्यांना म्हणते, चुकले हो."

"काकू..."

"आठ वर्षं म्हणतेय."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. त्यांनी पाय वर, कॉटवर घेतले.

"कॅमेरा आणलात?"

आणलात. मघाशी 'ये बाळा' म्हणणाऱ्या काकू मला अहो-जाहो करत होत्या. मी पिशवीतून कॅमेरा काढून दिला.

"रोल आहे?"

पिशवीत नेहमी एखादा असायचाच. तो दिला. काकूंनी कॅमेरा मांडीवर घेतला. आधी चावी फिरवली, हलकेच. सैल फिरली. मग खेचली. रोल बसवला, टोक ओढून रिळाच्या फटीत खोवलं. त्या कॅमेऱ्याकडे बघतही नव्हत्या. समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. झाकण बंद केलं, फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला आणि कॅमेरा माझ्यापुढे धरला.

"मला बारीक दिसत नाही आता. चावी फिरतेय का?"

त्यांनी बटण रिकामंच दाबून खटका पुन्हा ओढला. चावी आपोआप फिरली, म्हणजे आत फिल्म ओढली जात होती.

"फिरतेय," मी म्हणाले.

"नीट बघून सांगा."

"फिरतेय, काकू. नीट अडकलाय."

"कुणी घातला?"

त्या वाट बघत होत्या.

"तुम्ही घातला. तेव्हाही तुम्हीच घातला होता, आणि नीट घातला होता."

काकूंनी मान हलवली. मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि भिंगाची कडी फिरवत माझ्यावर धरला. मी मान खाली घातली.

"वर बघा," त्या म्हणाल्या. "पहिला मीच काढते."

टिक झालं. त्यांनी कॅमेरा उशीशी ठेवला, नवऱ्याच्या फोटोशेजारी. मला वाटलं आता देतील, म्हणून मी हात पुढे केला.

"नाही. हा राहू दे इथे. आणि रोल पुण्याला लेकीकडे धुवायला पाठवेन. तुमच्याकडे नाही द्यायचा."

मी उठले, चपला घातल्या. दारापर्यंत त्या आल्या नाहीत.

सर त्याच महिन्यात गेले, काकू त्यानंतर दीड वर्षाने. त्यांची लेक मला मिरजेच्या स्टेशनवर एकदा भेटली. म्हणाली, आईने शेवटचा एक रोल भरून काढला होता, छत्तीसच्या छत्तीस फोटो आले, एकही वाया नाही गेला. भिंतीवर आता बाबांचा हसरा फोटो लावलाय, म्हणाली. "आणि पहिलाच फोटो कुणा बाईंचा आहे, ओळखीच्या वाटतात, पण आईने नाव काही सांगितलं नाही," असं म्हणून ती माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली. तेवढ्यात तिची गाडी लागली.

माझा तो फोटो मी अजून पाहिलेला नाही.